तीन टोकांचा तारा आणि एक साधा भागाकार

चाकण हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम भेटते ते इतिहासाच्या तासाला. शायिस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला, ते हे चाकण. भूगोलात किंवा बाजारभावाच्या बातम्यांत तेच नाव कांद्यासाठी येते. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावाला अलीकडे तिसरी ओळख मिळाली आहे, ती मोटारींची. मर्सिडीज-बेंझ या जर्मन मोटारी २००९ सालापासून येथील सुमारे शंभर एकरांच्या कारखान्यात जुळवल्या जातात.

रस्त्यावरून अशी एखादी गाडी गेली की मुलांच्या माना वळतात. पुढच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा त्यांना लांबूनही ओळखता येतो. मग प्रश्न येतो, "सर, ही गाडी एवढी महाग का? आणि सगळ्यांना ती हवीशी का वाटते?" या प्रश्नाचे एक उत्तर समाजशास्त्रात आहे आणि दुसरे पदार्थविज्ञानात. पहिले उत्तर सर्वांना माहीत असते. दुसरे उत्तर मात्र नववीच्या पुस्तकातल्या एका साध्या भागाकारात दडलेले आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी कधीही येणार नाही, त्यांच्याही ते फार उपयोगाचे आहे. या लेखात आपण आधी ताऱ्याची गोष्ट पाहू आणि मग त्या भागाकाराकडे वळू.

एका गाडीची तीन नावे

मर्सिडीज, बेंझ आणि डाइमलर या तीन नावांमागे तीन वेगळ्या कथा आहेत. जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी तीन चाकांची गाडी बनवली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. तिच्या इंजिनाला एकच सिलिंडर होता. शक्ती एका अश्वशक्तीपेक्षाही कमी आणि वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. आज आपल्या शहरांत धावणारी रिक्षा तिच्या कितीतरी पुढे आहे. त्याच सुमारास, श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे हलके, वेगाने फिरणारे इंजिन बनवत होते. त्यांनी ते दुचाकीला, घोड्याच्या बग्गीला आणि होडीलाही बसवून पाहिले.

बेंझ यांची गाडी चालते हे लोकांना पटवून दिले ते त्यांच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन गाडीतून माहेरी निघाल्या. मानहाइम ते प्फोर्त्सहाइम हे अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत इंधन संपले, तेव्हा त्यांनी औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रावण विकत घेऊन टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी ढकलावी लागली, तेव्हा आणखी एका गिअरची गरज आहे हे कळले. ही केवळ धाडसाची कथा नाही. जगातील पहिली लांब पल्ल्याची चाचणी आणि तिचा अहवाल असेच या प्रवासाचे वर्णन करावे लागेल. काय बिघडले, का बिघडले आणि काय बदलायला हवे, हे सगळे त्यात होते.

'मर्सिडीज' हे एका मुलीचे नाव आहे. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी डाइमलरच्या गाड्या श्रीमंतांना विकत असे आणि शर्यतींत उतरताना आपल्या मुलीचे नाव घेत असे. त्याच्या आग्रहावरून मायबाख यांनी १९००-०१ मध्ये एक नवी गाडी रचली. ती लांब, बुटकी आणि कमी उंचीवर गुरुत्वमध्य असलेली होती. तिच्या पुढच्या भागात मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,००० हून अधिक बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडून तो बनवला होता. आकारमान तेवढेच ठेवून पृष्ठफळ वाढवले की उष्णता लवकर बाहेर जाते, हे तत्त्व येथे वापरले होते. थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड राहू लागले. मोटार म्हणजे घोडा काढून टाकलेली बग्गी, ही कल्पना या गाडीने मागे टाकली. १९०२ साली 'मर्सिडीज' हे नाव नोंदवले गेले.

तारा आला १९०९ साली. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत, असा त्याच्या तीन टोकांचा अर्थ सांगितला जातो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची अर्थव्यवस्था कोलमडली. तेव्हा दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या जवळ आल्या आणि २८ जून १९२६ रोजी डाइमलर-बेंझ ही एकच कंपनी झाली.

या इतिहासातले एक काळे पान वर्गात गाळू नये. नाझी राजवटीत या कारखान्यांतून युद्धसाहित्य निघत होते. १९४४ साली कंपनीच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतील बंदी होते. कंपनीने पुढे हे स्वतः मान्य केले. उत्तम यंत्र बनवणारे हात आणि त्या यंत्राचा उपयोग ठरवणारी बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे विद्यार्थ्यांना यातून दाखवता येते.

आपल्याकडे तारा प्रथम आला तो ट्रकवर

आज हा तारा श्रीमंतीचे चिन्ह असला, तरी आपल्या देशात तो बहुसंख्य लोकांनी प्रथम पाहिला तो मालमोटारीवर. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. हा करार १५ वर्षांचा होता. तोपर्यंत त्या ट्रकांच्या तोंडावर 'टाटा मर्सिडीज-बेंझ' असे नाव आणि तारा असे. १९६९ नंतर तारा गेला आणि टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. धान्य, ऊस आणि सिमेंट वाहणाऱ्या त्या ट्रकांमुळे गावोगावच्या गॅरेजवाल्यांचा जर्मन इंजिनांशी परिचय झाला.

पुण्याशी या घराण्याचे नाते आणखी एका वाटेने जुळले. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीतील फिडाल आणि पुत्र या कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालगाड्या बनवायला सुरुवात केली. त्या जर्मन कंपनीच्या गाड्यांचे नाव होते 'टेम्पो'. आज आपण कोणत्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो, तो शब्द मराठीत आला तो असा. बजाज टेम्पोचा कारखाना पुढे आकुर्डीला आला. जर्मनीतील मूळ कंपनी दरम्यान दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली होती आणि १९७० च्या सुमारास ती डाइमलर-बेंझकडे गेली. मग १९८० च्या दशकात आकुर्डीला डाइमलर-बेंझच्या आराखड्यानुसार डिझेल इंजिने बनू लागली. याच दशकात आलेली टेम्पो ट्रॅव्हलरही त्यांच्याच एका गाडीवर बेतलेली होती. म्हणजे ज्या गाडीतून आपल्या शाळेची सहल रायगडाला किंवा अजिंठ्याला जाते, तिची वंशावळही या ताऱ्यापर्यंत पोचते.

उंची मोटार आली ती त्यानंतर. आर्थिक उदारीकरणानंतर १९९४ साली डाइमलर-बेंझ आणि टेल्को यांनी पुण्यात संयुक्त कंपनी स्थापन केली. १९९५ साली पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात पहिली मोटार बाहेर पडली. ती मुख्यतः जर्मनीहून आलेल्या सुट्या भागांच्या संचांतून जुळवलेली होती. पूर्ण तयार गाडीपेक्षा सुट्या भागांवर आयातकर कमी असतो, म्हणून उंची गाड्यांच्या बहुतेक कंपन्या हा मार्ग धरतात. गंमत अशी की, जे मॉडेल येथे नवे म्हणून आले, त्याची जागा जर्मनीत त्याच वर्षी पुढच्या मॉडेलने घेतली. पुढे टेल्कोने आपला हिस्सा काढून घेतला आणि २००९ साली कारखाना चाकणला गेला. २०२२ पासून तेथे विजेवर चालणारी मोठी मोटारही जुळवली जाऊ लागली.

हवीशी का वाटते?

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली असे मांडले की, काही वस्तू लोक उपयोगासाठी घेत नाहीत. आपल्याला त्या परवडतात, हे इतरांना दिसावे म्हणून घेतात. अशा वस्तूची किंमत उतरली तर तिची ओढही उतरते. उंची मोटारीच्या आकर्षणाचा मोठा भाग हाच आहे. लग्नाच्या वरातीत दारापुढे ती उभी असावी असे वाटते, तेव्हा तिच्या इंजिनाशी कोणालाच कर्तव्य नसते.

पण आकर्षणाचा सगळा हिशेब यावर संपत नाही. गाडीचे दार लागताना होणारा दबका आवाज, खड्ड्यातून जाताना न जाणवणारा धक्का, वळणावर न कलणारे शरीर, या सर्वांमागे मोजमाप असते. दोन भागांमधली फट सगळीकडे सारखी असावी लागते. एखाद्या भागाच्या मापात मिलिमीटरच्या कितव्या भागाची चूक चालेल हे आधी ठरवावे लागते आणि ती मर्यादा हजारो वेळा पाळावी लागते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत ही शिस्त अनेक वाटांनी शिकून घेतली. सुमंत मुळगावकर यांनी टेल्कोचा पुण्यातील व्याप उभारला, तेव्हा वाहनांच्या आधी यंत्रे आणि साचे बनवण्याच्या विभागावर आणि कामगारांच्या प्रशिक्षणावर भर दिला होता, हे येथे आठवावे.

तरीही या सर्वांपेक्षा मोलाची एक कल्पना या गाडीत आहे. ती ऐकली की प्रथम विपरीत वाटते. ती अशी की, चांगली गाडी टक्कर झाल्यावर मोडली पाहिजे.

मोडणारी गाडी बरी

जुनी माणसे अजून म्हणतात, "पूर्वीच्या गाड्या काय दणकट होत्या! झाडावर आदळली तरी पोचा येत नसे." गाडी जितकी कडक तितकी ती सुरक्षित, अशी १९५० पर्यंत बहुतेक अभियंत्यांचीही समजूत होती. बेला बारेनी यांनी ती उलटी केली. १९०७ साली ऑस्ट्रियात जन्मलेले बारेनी १९३९ साली डाइमलर-बेंझमध्ये आले. आयुष्यात त्यांनी अडीच हजारांहून अधिक एकाधिकार नोंदवले. १९५१ साली त्यांनी मांडलेली कल्पना थोडक्यात अशी होती. मोटारीचे तीन भाग समजावेत. मधला, माणसे बसतात तो भाग शक्य तितका कडक असावा. पुढचा आणि मागचा भाग मात्र असा बनवावा की, टक्कर झाल्यावर तो ठरल्याप्रमाणे घडी पडत चुरगळेल. १९५९ साली अशी रचना असलेली पहिली मर्सिडीज बाजारात आली. त्याच वर्षी कंपनीने आपली गाडी मुद्दाम अडथळ्यावर आदळवून मोजमाप करायला सुरुवात केली. पुढे पुढे गाडीला वेग देण्यासाठी गरम पाण्याच्या वाफेवर चालणारे रॉकेटही वापरले गेले.

चुरगळण्याने काय साधते? आपल्याकडच्या अनुभवातून हे सहज समजते. तालमीतली लाल माती कुस्तीआधी खणून भुसभुशीत करतात. हापूसच्या पेटीत भाताचे गवत घालतात. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घेतात. तिन्ही ठिकाणी आपण एकच गोष्ट करतो. थांबणाऱ्या वस्तूला थांबण्यासाठी थोडे अधिक अंतर देतो.

उंची भागिले अंतर

आता तो भागाकार पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. एखादी वस्तू किती उंचीवरून पडली तर जमिनीवर पोचताना तिला हा वेग येईल? वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाच्या दुपटीने भागले की उत्तर मिळते सुमारे १० मीटर. म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे आणि तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणे यांत ऊर्जेच्या दृष्टीने फरक नाही. वेग दुप्पट केला तर उंची चौपट होते. ताशी १०० किलोमीटरला ती ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजले होते. मुलांना ताशी किलोमीटरपेक्षा ही मजल्यांची भाषा लवकर कळते.

पडताना मिळवलेली ऊर्जा म्हणजे वजन गुणिले उंची. थांबताना ती खर्च होते, म्हणजे थांबवणारे बल गुणिले थांबण्याचे अंतर. दोन्ही समान मांडले की निघते ते असे: थांबवणारे सरासरी बल आपल्या वजनाच्या किती पट आहे हे पाहायचे असेल, तर उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून बोध पुरेसा होतो.

समजा, गाडीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळला आणि तुम्ही सीटबेल्टने गाडीला बांधलेले आहात. १० मीटर भागिले ०.६ मीटर म्हणजे सुमारे १७. आपले वजन ६५ किलो असेल, तर शरीरावरचे बल सुमारे १,१०० किलो वजनाइतके. ते पुष्कळ आहे, पण रुंद पट्ट्यातून छाती, खांदा आणि कमरेच्या हाडांवर विभागले गेले तर माणूस ते सोसू शकतो. हे सगळे घडते एका सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात.

आता समजा, सीटबेल्ट बांधलेला नाही. पुढचा भाग चुरगळत गाडी थांबते, पण आपण थांबत नाही. न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार आपण त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि थांबलेल्या गाडीच्या आतल्या कडक भागावर आदळतो. आता आपल्याला थांबायला मिळतात समजा ५ सेंटिमीटर. १० भागिले ०.०५ म्हणजे २००. बल झाले १३ टनांचे, भरलेल्या ट्रकइतके. गाडीने ६० सेंटिमीटरांची सोय केलेली होती. सीटबेल्ट न बांधणाऱ्याला ती मिळालीच नाही.

मांडीवर घेतलेल्या बाळाचा हिशेबही मुलांना करायला द्यावा. १० किलोचे बाळ १७ पट म्हणजे १७० किलोचे होते. ते कोणत्याही आईच्या हातांत राहू शकत नाही. येथे प्रेमाचा किंवा ताकदीचा प्रश्नच येत नाही. म्हणून लहान मुलांसाठी गाडीला बांधलेले वेगळे आसन लागते.

तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट १९५९ सालीच आला. तो स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन यांनी रचला आणि कंपनीने तो इतर सर्वांना वापरू दिला. चुरगळणारा पुढचा भाग आणि सीटबेल्ट ही जोडी आहे. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग फार कमी होतो.

याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मर्सिडीज कठड्यावर आदळली. तीत टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मागच्या आसनावर बसले होते. मागचे दोघेही दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुलाच्या रचनेपासून वेगापर्यंत अनेक बाबींची तेव्हा चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, मागच्या आसनावर बसणाऱ्यालाही जडत्वाचा नियम तेवढाच लागू असतो. त्या गाडीत बारेनींपासून पुढच्या सत्तर वर्षांचे ज्ञान भरलेले होते. ते वापरात यायला शेवटचा दुवा म्हणून एक पट्टा लागतो.

ज्ञान झिरपायला लागलेली वर्षे

सुरक्षेची साधने प्रथम महागड्या गाड्यांत आली, हे खरे. चाक न अडकू देता ब्रेक लावणारी 'एबीएस' ही यंत्रणा बॉश कंपनीच्या सहकार्याने मर्सिडीजच्या मोठ्या मोटारीत १९७८ साली आली. चाक पूर्ण अडकले की गाडी घसरते आणि सुकाणू फिरवून उपयोग होत नाही. म्हणून ही यंत्रणा सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडते व धरते. त्यामुळे चाक फिरत राहते आणि गाडी वळवता येते. हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, त्याच कंपनीने १९८१ साली दिली. तिचाही हिशेब तोच. डोक्याला थांबण्यासाठी अंतर मिळते आणि बल मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते.

आपल्या देशात मोटारींची समोरून आदळण्याची चाचणी नव्या मॉडेलांना २०१७ पासून आणि सर्व मोटारींना २०१९ पासून सक्तीची झाली. एबीएस आणि चालकापुढची एअरबॅगही २०१९ साली सक्तीची झाली. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी भारतीय चाचणी योजना २०२३ साली सुरू झाली. १९५९ ते २०१७ म्हणजे ५८ वर्षे आणि १९७८ ते २०१९ म्हणजे ४१ वर्षे. न्यूटनचे नियम सर्वांना सारखेच लागू होतात, पण त्यांपासून संरक्षण मात्र आधी श्रीमंतांना मिळाले आणि मग इतरांना. तेही बाजाराने आपोआप दिले नाही. कायदा करावा लागला.

दुचाकीवरच्या माणसाचे काय?

भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के पायी चालत होती. म्हणजे दर दहा मृतांपैकी सहा जण अशा ठिकाणी होते, जेथे बारेनींचा चुरगळणारा लोखंडी भाग मुळातच नव्हता.

पुणे हे दुचाकींचे शहर आहे आणि हेल्मेटसक्तीला विरोध करण्यातही त्याने नाव कमावले आहे. मान दुखते, ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठे असतो, अशी कारणे दिली जातात. या शेवटच्या कारणाचे उत्तर आपला भागाकार देतो. वेग शून्य धरा. सिग्नलला उभी असलेली दुचाकी कलली आणि डोके केवळ दीड मीटर उंचीवरून डांबरावर आपटले. त्वचा आणि केस मिळून थांबण्याचे अंतर समजा ३ मिलिमीटर. १.५ भागिले ०.००३ म्हणजे ५००. आता हेल्मेट घातले आहे असे धरा. त्याच्या आत थर्माकोलसारख्या पदार्थाचा जो जाड थर असतो, तो समजा २० मिलिमीटर दबला. १.५ भागिले ०.०२ म्हणजे ७५. पाचशेचे पंचाहत्तर झाले. कवटी फुटणे आणि डोके ठणकणे यांत एवढाच फरक असू शकतो.

हेल्मेटचा हा थर म्हणजे मर्सिडीजचा चुरगळणारा पुढचा भागच आहे. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. दबलेला थर परत फुगत नाही. आणि हनुवटीखालचा पट्टा न लावता हेल्मेट डोक्यावर ठेवणे म्हणजे सीटबेल्टशिवाय उंची गाडीत बसणे होय. ते आपल्याआधी उडून जाते.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग: एका पसरट भांड्यात ओली मळलेली माती आणि दुसऱ्यात भुसभुशीत कोरडी वाळू घ्या. एक मीटर उंचीवरून जड लोखंडी गोळी दोन्हींत सोडा. पडलेल्या खळग्याची खोली पट्टीने मोजा. उंचीला खोलीने भागा. माती जितकी घट्ट, तितका भागाकार मोठा येतो. मुलांना वेगवेगळी माती, भुसा, कापूस घेऊन तक्ता करू द्या. दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात येते की, कमी अंतरात थांबणे हेच सगळ्या इजेचे मूळ आहे.

दुसरा प्रयोग: चाकांची खेळण्यातली गाडी उतरत्या फळीवरून खाली विटेवर आदळू द्या. गाडीत चिकणमातीची छोटी बाहुली मोकळी बसवा. ती किती पुढे उडते ते मोजा. मग दोऱ्याने, आणि पुन्हा रुंद फितीने बांधून पाहा. बारीक दोरा मातीत रुतलेला दिसेल, फीत तेवढी रुतणार नाही. क्षेत्रफळ वाढले की दाब कमी होतो, हेही येथेच शिकवून होते. शेवटी गाडीच्या तोंडाला पोस्टकार्डाची सुरळी चिकटवा. आदळल्यावर सुरळी किती चुरगळली आणि बांधलेल्या बाहुलीवरचा व्रण किती उथळ झाला, ते मुलांना टिपून घ्यायला सांगा.

यानंतर 'ती गाडी महाग का?' हा प्रश्न मुलांना पुन्हा विचारावा. काही जण ताऱ्याचे नाव घेतील, काही यंत्रांचे. पण निदान दोघे-तिघे असे म्हणतील की, तिच्यातली सर्वांत चांगली गोष्ट आपल्यालाही मिळू शकते. त्यांना संध्याकाळी घरी गेल्यावर आई-वडिलांच्या हेल्मेटचा आतला थर दाबून पाहायला आणि हनुवटीचा पट्टा लागतो की नाही हे तपासायला सांगावे. ते या धड्याचे गृहपाठ समजावे.